आरमारी बाणा आणि मुलकी सत्ता

स्वतंत्र भारतात सेनादलाच्या प्रमुखास सरकारने बडतर्फ केल्याचा प्रसंग एकदाच घडला आहे. आणि आपल्या दलात घडलेल्या अपघाताची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेऊन प्रमुखाने त्याच दिवशी पद सोडल्याचा प्रसंगही एकदाच घडला आहे. पहिला प्रसंग ३० डिसेंबर १९९८ चा, दुसरा २६ फेब्रुवारी २०१४ चा. दोन्ही वेळी ते दल आरमार होते. भूदल आरमाराच्या कितीतरी पट मोठे आणि दिल्लीच्या राजकारणाशी त्याचा संबंधही अधिक जवळचा. तेथेही भांडणे झाली नाहीत असे नाही. १९५९ साली जनरल थिमय्यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी न पटल्यामुळे राजीनामा दिला, पण पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून तो परत घेतला. १९६२ च्या पराभवानंतर जनरल थापर प्रकृतीच्या कारणावरून बाजूस झाले. २०१२ साली जनरल व्ही. के. सिंग जन्मतारखेच्या वादात थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथून अर्ज मागे घेऊन परतले. भूदलाची भांडणे कड्यापर्यंत जातात व मागे फिरतात. आरमाराची मात्र कड्यावरून खाली जातात. हा केवळ योगायोग असे म्हणून सोडून देता येईल. आमच्या मते तो योगायोग नाही. त्याचे मूळ आरमाराच्या घडणीत आहे, आणि ती घडण समजून न घेता दिल्लीतील मंत्री व सचिव जोवर तिच्याशी व्यवहार करीत राहतील तोवर हे प्रसंग पुन्हा येण्याचा संभव आहे.

जहाज बंदर सोडून गेले की त्यावरील सर्व सत्ता एका माणसाच्या हाती येते. कप्तान झोपेत असताना पहाऱ्यावरील दुय्यम अधिकाऱ्याच्या चुकीने जहाज खडकावर चढले, तरी चौकशीपुढे प्रथम उभे राहावे लागते ते कप्तानास. मी झोपलो होतो, हा बचाव आरमारात कोणी करीत नाही व कोणी केला तर ऐकला जात नाही. अधिकार व जबाबदारी या दोन वस्तू एकाच देहात नांदतात, हा धडा आरमारी अधिकारी विसाव्या वर्षी शिकतो व पुढील पस्तीस-चाळीस वर्षे गिरवितो. भूदलातील अधिकाऱ्याचे शिक्षण निराळे. दंगल, पूर, भूकंप यांच्या निमित्ताने त्याला जिल्ह्याच्या कलेक्टराशी, पोलीस सुपरिंटेंडेंटाशी, प्रसंगी स्थानिक पुढाऱ्याशीही जमवून घ्यावे लागते. मुलकी कारभार म्हणजे काय, तेथे एखादी गोष्ट होता होता कशी राहते व राहता राहता कशी होते, याची चव त्याला तरुणपणीच मिळते. आरमारी अधिकाऱ्यास कलेक्टर भेटत नाही. त्याला भेटतात ते बंदराचे अधिकारी, गोदीतील इंजिनियर आणि परदेशी बंदरांतील वकिलातीचे लोक. असा मनुष्य पंचावन्नाव्या वर्षी दिल्लीस येतो व साउथ ब्लॉकच्या पायऱ्या चढतो, तेव्हा त्याला अशा एका जगाला तोंड द्यावे लागते की जेथे अधिकार दहा टेबलांवर वाटलेला असतो आणि जबाबदारी अकराव्या टेबलावर असते. त्या टेबलाशी मात्र कोणी बसलेले नसते.

यात इतिहासाचीही भर पडली आहे. भूदलास पहिला भारतीय प्रमुख जनरल करिअप्पांच्या रूपाने जानेवारी १९४९ मध्ये मिळाला, विमानदलास सुब्रतो मुखर्जींच्या रूपाने एप्रिल १९५४ मध्ये. आरमाराचे प्रमुखपद इंग्रज अ‍ॅडमिरलांकडेच राहिले, आणि व्हाइस अ‍ॅडमिरल कटारी त्या पदावर आले ते एप्रिल १९५८ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर जवळजवळ अकरा वर्षांनी. अर्थात् याला कारण होते. मोठी जहाजे चालविण्याचा अनुभव असलेले वरिष्ठ भारतीय अधिकारीच तेव्हा नव्हते. परकीय सरकारने ते होऊ दिले नव्हते. परंतु परिणाम असा झाला की भारतीय आरमाराने आपल्या रीतिभाती, आपली भोजनगृहे, आपली बोलण्याची ढब, इतकेच नव्हे तर सरकारकडे पाहण्याची दृष्टीही ब्रिटिश नौदलाकडून जशीच्या तशी घेतली. मात्र ब्रिटनमध्ये नौदलाचा प्रमुख शतकानुशतके नौदल मंडळावर मुलकी मंत्र्याच्या शेजारी बसून निर्णय घेत आला होता. भारतात १९५५ साली तिन्ही दलांच्या प्रमुखांचे सेनापती हे नामाभिधान गेले, ते स्टाफप्रमुख झाले आणि मंत्रालयाच्या बाहेर बसले. देशाच्या संरक्षणाची जबाबदारी कामकाजाच्या नियमांप्रमाणे पडली संरक्षण सचिवाकडे. बाणा विलायती आणि बैठक देशी, असे हे लग्न लागले.

या मुंबई शहराने आरमाराचा आणखी एक वारसा पाहिला आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या किनाऱ्यावरील ठाण्यातील नाविकांनी अन्न सोडले आणि पाहता पाहता तो वणवा इतर जहाजांवर व बंदरांत पसरला. शहरातील गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. सरदार पटेलांनी त्या तरुणांना शस्त्रे खाली ठेवण्याचा सल्ला दिला, आणि पुढे त्याचे कारणही सांगितले की स्वतंत्र हिंदुस्थानालाही सैन्य लागणार आहे व त्यात शिस्त लागणार आहे. हा सल्ला देताना सरदारांना यातना झाल्या नसतील असे नाही. पण देशाच्या पुढाऱ्यांनी तेव्हाच ठरवून टाकले होते की गणवेषातील माणसाचा उठाव, मग तो कितीही न्याय्य कारणासाठी असो, आपल्या राज्यात मान्य होणार नाही. त्या नाविकांना स्वतंत्र भारताच्या आरमाराने परत घेतले नाही. कुलाब्यास त्यांचे स्मारक आहे. आरमाराच्या मनात मात्र त्या दिवसांची आठवण संकोचाचीच राहिली.

मुलकी सत्तेची आज्ञा पाळणे म्हणजे काय, याची परीक्षा १९६५ साली झाली. नौदलप्रमुख होते व्हाइस अ‍ॅडमिरल भास्करराव सोमण, संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण. दोघेही मराठी, आणि दोघांच्या मनात परस्परांविषयी अनादर असण्याचे काही कारण नव्हते. परंतु सप्टेंबरमध्ये युद्ध पेटले तेव्हा आरमारास हुकूम मिळाला तो असा की मुंबईपासून २०० मैलांच्या पलीकडे जाऊ नये व पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेस कारवाई करू नये. हा हुकूम फाईलवरून आला. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या. प्रत्यक्ष नुकसान किरकोळ झाले. पण देशाच्या मनाला आणि त्याहून अधिक आरमाराच्या मनाला जी जखम झाली ती किरकोळ नव्हती. सोमणांनी आपले म्हणणे संरक्षणमंत्र्यांपुढे मांडले, पंतप्रधान शास्त्रींपुढे मांडले, ते मान्य झाले नाही, आणि त्यांनी आज्ञा पाळली. सरकारच्या बाजूनेही बोलण्यासारखे होते. ‘विक्रांत’ दुरुस्तीसाठी गोदीत पडली होती, अंदमानची चिंता होती, युद्ध जमिनीवर आवरता आले तर समुद्रावर कशाला वाढवावे हा विचार असमंजस म्हणता येणार नाही. आम्ही दोष देतो तो निर्णयास नव्हे. सरकारच्या मनात काय आहे हे आरमारास युद्ध सुरू होईपर्यंत ठाऊक नव्हते, आणि आरमार काय करू शकते हे सरकारने कधी विचारले नव्हते, याला आम्ही दोष देतो.

सहा वर्षांनी हेच उलट घडले, आणि ते घडवून आणण्यात अ‍ॅडमिरल नंदांचा वाटा मोठा आहे. नंदांचे बालपण कराचीच्या बंदरात गेले होते. त्या बंदराचा तळ व तोंड त्यांना पाठ होते. परंतु त्यांचे खरे शहाणपण नकाशाच्या ज्ञानात नव्हते. युद्धाला तोंड फुटण्यापूर्वी ते इंदिरा गांधींकडे गेले आणि एकच प्रश्न विचारून आले: कराचीवर हल्ला केला तर सरकारची राजकीय हरकत आहे काय? बाईंनी क्षणभर विचार केला आणि युद्ध व्हायचेच असेल तर ते युद्धासारखेच होईल अशा अर्थाचे उत्तर दिले. त्या उत्तराच्या बळावर ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ व ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीपुढे पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका बुडविली. तो दिवस आता नौदलदिन म्हणून पाळला जातो. भाषणांत क्षेपणास्त्रांची स्तुति होते ती योग्यच आहे. पण आमच्या मते त्या विजयाचा अर्धा भाग त्या एका भेटीत जिंकला गेला होता. सोमणांना हुकूम कागदावरून मिळाला. नंदांनी तो समोर बसून मागून घेतला. राज्यघटना तीच, मंत्रालय तेच, नियम तेच. बदलली ती विचारण्याची वेळ.

आता १९९८. अ‍ॅडमिरल विष्णु भागवत यांची बुद्धि व कर्तृत्व यांविषयी त्यांच्या विरोधकांनीही शंका घेतली नव्हती. स्वभाव मात्र लढाऊ. १९९० साली रिअर अ‍ॅडमिरल असतानाच त्यांनी आपल्या नेमणुकीच्या प्रश्नावरून मुंबई उच्च न्यायालयात आपल्या वरिष्ठांविरुद्ध अर्ज केला होता. डिसेंबर १९९८ मध्ये मंत्रिमंडळाच्या नेमणूक समितीने व्हाइस अ‍ॅडमिरल हरिंदर सिंग यांना नौदलाचे उपप्रमुख नेमले. ही नेमणूक प्रमुखांच्या शिफारशीविरुद्ध होती. आरमाराच्या कायद्याचा व नियमांचा आधार घेऊन भागवतांनी कळविले की हा हुकूम अमलात आणता येण्यासारखा नाही. संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस व भागवत यांच्यात त्यापूर्वीही खटके उडत होते. ३० डिसेंबरला दक्षिण विभागाचे प्रमुख सुशील कुमार यांना विमानाने गुपचूप दिल्लीस आणून पदभार देण्यात आला, आणि राष्ट्रपतींची मर्जी आता राहिली नाही या कारणास्तव भागवतांना काढण्यात आले. त्याच दिवशी संरक्षण सचिव अजित कुमार यांनाही हलविण्यात आले. सचिवाची बदली झाली, अ‍ॅडमिरलची बडतर्फी झाली. दोन संस्कृतींना मिळालेल्या या दोन शिक्षांतील अंतर वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सरकारला हा अधिकार होता काय? निःसंशय होता. लोकनियुक्त मंत्रिमंडळाने केलेली नेमणूक अमलात येणार नाही असे सेनादलाचा प्रमुख सांगू लागला, तर त्याला जाण्यावाचून गत्यंतर नाही, आणि याविषयी आमच्या मनात यत्किंचितही किंतु नाही. भागवतांचा पक्ष कायद्याच्या शब्दात कितीही बळकट असो, त्यांनी राजीनामा द्यावयाचा होता. नकार द्यावयाचा नव्हता. आपल्या जहाजावर नको असलेला अधिकारी कोणी लादू शकत नाही, ही कप्तानाची भावना आम्ही समजू शकतो. पण देश म्हणजे जहाज नव्हे आणि नौदलप्रमुख देशाचा कप्तान नव्हे. इतके म्हटल्यावर सरकारच्या पदरात दोष घालणेही प्राप्त आहे. शिफारस डावलावयाची तर का डावलली हे लिहून द्यावयास हवे होते. प्रमुखास काढावयाचे तर रात्री चोरासारखे विमान आणण्याऐवजी दिवसाढवळ्या संसदेस विश्वासात घ्यावयास हवे होते. ते न केल्यामुळे तो प्रश्न राजकारणाच्या बाजारात गेला. जयललितांनी भागवतांच्या बडतर्फीची संयुक्त संसदीय समितीकडून चौकशी व्हावी ही मागणी लावून धरली, त्यावरून संबंध ताणले, पाठिंबा गेला, आणि १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार लोकसभेत एका मताने पडले. सरकार पडण्यास इतरही कारणे होती. तथापि एका नौदलप्रमुखाचे नाव पक्षोपपक्षांच्या सौद्यात वापरले जावे, हे त्या सौद्यातील कोणत्याही पक्षास भूषणावह नव्हते.

आरमारांचे हे दुखणे केवळ आपल्याकडचे आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत एप्रिल १९४९ मध्ये संरक्षणमंत्री जॉन्सन यांनी नव्या प्रचंड विमानवाहू जहाजाचे बांधकाम एकाएकी थांबविले, तेव्हा तेथील अ‍ॅडमिरल काँग्रेसच्या समितीपुढे उघडपणे सरकारविरुद्ध बोलले आणि नौदलप्रमुख डेनफेल्ड यांना पद गमवावे लागले. पुढच्याच वर्षी कोरियात विमानवाहू जहाजांवाचून अडले, ही गोष्ट निराळी. अ‍ॅडमिरल बरोबर होते म्हणून त्यांना काढणे चूक ठरत नाही. जपानचे उदाहरण अधिक भयंकर आहे. १९३० साली पंतप्रधान हामागुची यांनी लंडनचा नौदल करार नौदलाच्या सेनापतींचा विरोध न जुमानता मान्य केला. सैन्याचा अधिकार थेट सम्राटापाशी आहे, मंत्रिमंडळाचा त्याशी संबंध नाही, असा गिल्ला करण्यात आला. त्याच वर्षी एका माथेफिरूने हामागुचींवर गोळी झाडली आणि त्या जखमेने ते पुढे मेले. १५ मे १९३२ रोजी तर तरुण नौदल अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाई यांना त्यांच्या घरात शिरून ठार केले. आपल्याकडील भांडणे अर्ज, टिपणे आणि न्यायालये यांपलीकडे गेली नाहीत, याचे श्रेय आरमारासही आहे व सरदारांच्या त्या कटु सल्ल्यासही आहे.

उलट बाजूचे उदाहरण मात्र आपल्याच इतिहासात आहे. सेनानायक मुलकी सत्तेस जुमानत नाही म्हणून मुलकी सत्तेने आपले आरमारच बुडवावे, हा पराक्रम आपण १७५६ साली केला. तुळाजी आंग्रे उद्दाम होते, पेशव्यांचा शब्द मानीत नव्हते, हे सर्व खरे. पण नानासाहेबांनी त्यांना ताळ्यावर आणण्यासाठी इंग्रजांची मदत घेतली. वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गात शिरले आणि कान्होजींनी उभ्या केलेल्या आरमाराची राख झाली. मुंबईतील नौदलाच्या ठाण्यास आज ‘आंग्रे’ हे नाव आहे. त्या नावाची पाटी वाचताना दोन्ही पक्षांना काही आठवत असेल तर बरे.

१९९८ मध्ये अधिकारावरून जे झाले त्याची दुसरी बाजू २०१४ मध्ये दिसली. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडी स्फोट होऊन बुडाली व १८ जण मेले. त्यानंतर लहानमोठे अपघात होत राहिले, आणि २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईजवळ समुद्रात ‘सिंधुरत्न’ पाणबुडीत आग लागून दोन अधिकारी दगावले. त्याच दिवशी अ‍ॅडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला आणि सरकारने तो त्याच दिवशी मंजूर केला. भागवतांना काढण्यास काही आठवडे तरी लागले. जोशींना सोडण्यास काही तासही लागले नाहीत. कप्तानाची रीत त्यांनी पाळली. पण दुरुस्त्यांचे, सुट्या भागांचे, नव्या खरेदीचे निर्णय ज्या टेबलांवरून सरकतात तेथे कोणी जागचे हलले नाही. संरक्षणमंत्री अँटनी सचोटीचे गृहस्थ म्हणून प्रसिद्ध होते, पण त्यांच्या कारकीर्दीतील खरेदीचा सावकाशपणाही तितकाच प्रसिद्ध होता. पुढे जोशींनी एका मुलाखतीत सांगितले की ज्यांना कामाचे ज्ञान आहे त्यांच्या हाती अधिकार नाही, ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांच्यावर जबाबदारी नाही. त्यांच्या जागी नवा प्रमुख नेमण्यास सरकारला एप्रिलचा मध्य उजाडला.

आरमाराची ही घडण सर्वस्वी दुखणेच आहे असा समज मात्र होऊ नये. ज्या क्षेत्रात आरमार व मुलकी खाती यांना वर्षानुवर्षे एकत्र राबावे लागते तेथे हाच बाणा उपयोगी पडला आहे. जहाज बांधावयास वर्षे लागतात व ते तीस वर्षे चालते. त्यामुळे आरमारी माणसास दूरचे पाहण्याची सवय असते. सरकारने १९६० साली माझगाव गोदी ताब्यात घेतली आणि तेथे बांधलेली ‘निलगिरी’ १९७२ साली आरमारात दाखल झाली, ती याच सवयीमुळे. परदेशातून आयते आणण्यापेक्षा येथे बांधावे, त्यासाठी स्वतःचे आराखडे करणारे अधिकारी तयार करावे, हा हट्ट आरमाराने धरला आणि मंत्रालयाने, गोदीने, कामगारांनी तो पुरविला. २०२२ साली कोचीस बांधलेली नवी ‘विक्रांत’ आरमारात आली ती त्याच हट्टाचे फळ. गोदीत अ‍ॅडमिरलास फाईल समजते व सचिवास जहाज समजते. दिल्लीत दोघांनाही दोन्ही समजेनासे होते.

जानेवारी २०२० मध्ये तिन्ही दलांचा एक मुख्य प्रमुख नेमून मंत्रालयातच सैनिकी कामकाजाचे स्वतंत्र खाते उघडण्यात आले. सेनाधिकारी प्रथमच सरकारच्या आत बसला. हा बदल आवश्यक होता व आम्ही त्याचे स्वागतच करतो. परंतु दाराबाहेर उभे राहणाऱ्यास जो धोका नसतो तो आत बसणाऱ्यास असतो. अवज्ञेचा धोका कमी झाला आहे. मर्जी राखण्याचा वाढला आहे. याचा दाखला देण्यास मालवणपर्यंत जावे लागेल. ४ डिसेंबर २०२३ चा नौदलदिन सिंधुदुर्गात साजरा झाला आणि त्यानिमित्त राजकोट किल्ल्यात उभारलेल्या शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. काम नौदलाने केले असे राज्य सरकारने सांगितले. योजना आमची, पण राज्य सरकारच्या सहकार्याने व त्यांच्याच पैशाने, असे नौदलाने कळविले. पंतप्रधानांनी माफी मागितली, चौकश्या झाल्या, अटका झाल्या. कप्तान झोपला होता की जागा होता हे सांगावयास मात्र कोणी पुढे आले नाही. पुतळे उभारणे हे आरमाराचे काम नव्हे, आणि ते करावयास सांगितले गेले तेव्हा नम्रपणे तसे सांगणारा आवाज साउथ ब्लॉकमध्ये उठला असेल तर तो बाहेर आला नाही. ‘सिंधुरत्न’च्या धुरात जी रीत दिसली ती राजकोटच्या ढिगाऱ्यात दिसली नाही.

सरकारकडे आमचे मागणे फार मोठे नाही. प्रमुखाचा विरोध असेल तेथे तो त्याने सही करून लिहावा, आणि तो डावलणाऱ्या मंत्र्यानेही आपले कारण त्याच कागदावर सही करून लिहावे. सचिवाच्या शेऱ्याआड राहू नये. जहाज वा पाणबुडी गमावल्यावर होणाऱ्या चौकशीचा निष्कर्ष, गुप्ततेचा भाग वगळून, संसदेच्या संरक्षणविषयक समितीपुढे ठराविक मुदतीत जावा आणि त्यात दुरुस्ती व खरेदीचे निर्णय कोणत्या तारखेपासून कोणत्या खोलीत पडून होते याचाही उल्लेख असावा. नौदलदिनाचा खर्च आरमाराच्या कवायतीपुरता राहावा. राजकोटावर मे २०२५ मध्ये नवा पुतळा उभा राहिला. ते काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने करविले. ते प्रथमपासून त्याच खात्याचे होते.